हरण्याची चैन

मला पोहता येत नाही. ज्याचा जन्म खाडीच्या तोंडाशी झाला, ज्याच्या अंगणाच्या गडग्यापर्यंत नारळी पौर्णिमेच्या उधाणाचे पाणी येते, त्याने ही गोष्ट चारचौघांत सांगू नये. पण दिवाळी अंकाचे वाचक म्हणजे घरचीच माणसे, म्हणून सांगून टाकतो. गेली वीस वर्षे मी शाळेत इतिहास आणि भूगोल शिकवतो आहे. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे येतात ते खारे वारे आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे जातात ते मतलई वारे, हे फळ्यावर बाण काढून किती मुलांकडून घोकून घेतले असेल, त्याची गणती नाही. माझ्या एका कादंबरीत तर चांगले सतरा पानांचे वादळ आहे. परंतु गेल्या डिसेंबरापर्यंत शिडाच्या होडीत मी एकदाही पाऊल टाकले नव्हते.

याला कारण आमचे आबा. विजयदुर्गाच्या खाली किनाऱ्याकिनाऱ्याने जी लहान लहान बंदरे आहेत, त्यांतल्या एका बंदरावर आबा तरुणपणी मचव्याचे तांडेल होते. कौले, नारळ, जळाऊ लाकूड आणि मोसमात आंबा, असा माल भरून ते मुंबई गाठत. पण हे सारे मी इतरांच्या तोंडून ऐकलेले. मला कळू लागले तेव्हा आबा समुद्राकडे पाठ करून बसले होते. दुसऱ्याच्या कलमांची राखण करीत, शेणखत घालीत, माकडे हाकीत. आबांना एक धाकटा भाऊ होता आणि तो समुद्रात गेला, एवढेच आम्हां भावंडांना ठाऊक होते. कसा गेला, कधी गेला, हे विचारण्याची आमच्या घरी रीत नव्हती. पावसाळ्यात आम्ही मुले अंगणातल्या पाण्यात कागदाच्या होड्या सोडू लागलो की आबा ओसरीवरून उठत, इरले घेत आणि काही काम नसताना बागेकडे निघून जात. त्यांनी मला मॅट्रिकपर्यंत शिकवले ते पोटाला चिमटा घेऊन. आणि मी मास्तर झालो त्या दिवशी ते आईला म्हणाले, ''चल, ह्येचे पाय सुके रवले.''

अशा घरात माझ्या मेहुण्याचा फोन आला.

हा मेहुणा म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचा धाकटा भाऊ. ठाण्याला त्याचा विजेच्या सामानाचा धंदा आहे आणि तो बऱ्यापैकी चालतो. गेल्या वर्षी तो ग्रीस देशाला जाऊन आला होता. तिकडे म्हणे आठवड्याच्या बोलीने शिडाची बोट भाड्याने मिळते. ज्याला बोट हाकता येते त्याने दाखला दाखवून स्वतः हाकावी, ज्याला येत नाही त्याने तांडेल, खलाशी यांच्यासकट घ्यावी. दिवसा वाऱ्याबरोबर हिंडायचे, संध्याकाळी एखाद्या बेटाच्या आडोशाला नांगर टाकायचा आणि रात्री बोटीतच गादीवर झोपायचे. कॅरिबियन समुद्रातल्या टोर्टोला बेटावर १९६९ साली एका जोडप्याने मोजक्या बोटी घेऊन असला धंदा मांडला होता. आता कितीतरी समुद्रांवर तो चालतो. मेहुण्याला तिथे शिडाचे वेडच लागले. परत आल्यावर त्याने शोध घेतला, तर आपल्या गेट वे ऑफ इंडियासमोरही अशा बोटी तासाच्या हिशेबाने भाड्याने मिळतात असे कळले. मग त्याची आणि त्याच्या एका व्यापारी मित्राची पैज लागली. दोघांनी एकेक बोट भाड्याने घ्यायची, दुपारी शर्यत लावायची आणि हरणाऱ्याने दोन्ही बोटींतल्या मंडळींना जेवण द्यायचे.

''भावोजी, तुम्ही सगळे या. आणि आबांनाही घेऊन या,'' तो म्हणाला.

तीन तासांचे भाडे त्याने सांगितले तेव्हा मी मनातल्या मनात माझ्या पगाराशी त्याचा भागाकार केला आणि गप्प बसलो. ज्या वाऱ्याला आमच्या आज्याने कधी दिडकी दिली नाही, तो वारा असा मोजून विकत घ्यायचा, याची मला गंमतही वाटली आणि थोडा रागही आला. आबांना विचारावे की नाही, हा प्रश्नच होता. शेवटी जेवताना भीत भीत विषय काढला. आबांनी भात कालवता कालवता एवढेच विचारले, ''शिडाची काय यंत्राची?''

''शिडाची.''

पुष्कळ वेळ ते काही बोलले नाहीत. ताटावरून उठताना म्हणाले, ''येतंय.''

कणकवलीला आम्ही गाडीत बसलो. मास्तराने पाठाची तयारी केल्यावाचून वर्गात जाऊ नये, हा माझा जुना नियम. म्हणून या खेळाविषयी जे जे हाती लागले ते मी पिशवीत घालून आणले होते. वाचता वाचता अशी एक गोष्ट सापडली की मी झोपलेल्या सौभाग्यवतींना हलवून जागे केले. इंग्लंडचा दुसरा चार्ल्स हद्दपारी भोगून १६६० साली गादीवर आला, तेव्हा डच लोकांनी त्याला 'मेरी' नावाची एक देखणी होडी नजर केली. यॉट हा शब्द मूळचा डचांचाच. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ शिकार, पाठलाग. राजाला या होड्यांचा असा नाद लागला की त्याने आणि त्याच्या भावाने आणखी बांधून घेतल्या, आणि १६६१ च्या ऑक्टोबरात थेम्स नदीवर ग्रेनिचपासून ग्रेव्हसेंडपर्यंत आणि परत अशी दोघा भावांच्या होड्यांची शर्यत झाली. पैज शंभर पौंडांची. जाताना वारा उलटा होता, राजा हरला. परतताना त्याने भरून काढले. त्या दिवशी राजाबरोबर होडीत बसलेल्या जॉन एव्हलिन नावाच्या गृहस्थाने ही हकीकत आपल्या रोजनिशीत टिपून ठेवली आहे.

आता यात आपला संबंध काय, असे तुम्ही म्हणाल. राजाच्या त्या होडीचे नाव होते 'कॅथरीन'. ही कॅथरीन म्हणजे पोर्तुगालची राजकन्या, राजाची नियोजित वधू. आणि त्याच वर्षी झालेल्या विवाहाच्या तहात आपली मुंबई चार्ल्सला आंदण मिळाली. पुढे १६६८ साली राजाने ती मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, वर्षाला दहा पौंड भाड्याने! म्हणजे एका दिवसाच्या शर्यतीवर राजाने जेवढे लावले, तेवढ्यात मुंबई दहा वर्षे भाड्याने मिळाली असती.

सौभाग्यवती ''बरं'' म्हणून पुन्हा झोपल्या. पण समोरच्या बाकावर आबा जागे होते. ते म्हणाले, ''आनि तो राजा हरलो आसतो तर तेचा काय झाला आसता?''

''काय होणार? राजाच तो. शंभर पौंड गेले असते.''

''हां,'' आबा म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेट वेपाशी जमलो. आमच्या बोटीत मेहुणा, त्याची बायको, आम्ही दोघे, आमची अकरा वर्षांची मुलगी आणि आबा. एका लहान होडीने आम्हांला नांगरलेल्या बोटीपाशी नेले. बोट पांढरीशुभ्र, एकाच उंच डोलकाठीची. बसायला गाद्या, आत उतरले की दोन निजायच्या खोल्या, बर्फाचे कपाट, चिमुकले न्हाणीघर. आमच्या सौभाग्यवतींनी ते न्हाणीघर दोनदा जाऊन पाहिले. मला स्वतःला सर्वांत आवडली ती चूल. ती दोन्ही बाजूंनी खिळ्यांवर अशी टांगलेली असते की बोट कितीही कलली तरी चूल सरळ राहते आणि भांड्यातला चहा हिंदकळून सांडत नाही. देव्हाऱ्यातल्या पाळण्यासारखी ती झुलत होती.

आबा यातले काही पाहायला आत उतरलेच नाहीत. ते डोलकाठीच्या बुडाशी जाऊन बसले. त्यांनी तिच्यावर बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिले. ''पोकळ?'' हलक्या धातूची पोकळ नळी आहे, असे बोटीच्या तांडेलाने सांगितले. मग त्यांनी शिडाचे टोक दोन बोटांत धरून चोळले. ''कापूस नाय ह्यो.'' खरेच नव्हता; कृत्रिम धाग्याचे कापड होते. आबा म्हणाले, ''आमी वारो कमी आसलो काय शिडार पानी मारू. सूत फुगता, भोकां बुजतत, मग वारो गळना नाय.'' गेल्या चाळीस वर्षांत आबांच्या तोंडून समुद्राविषयी मी ऐकलेले हे सर्वांत लांब वाक्य होते.

तांडेल म्हणजे अलिबागकडचा पंचविशीतला एक कोळ्याचा मुलगा. चेहरा उन्हाने रापलेला, बोलणे अदबीचे. त्याचे दैवत एकच, नौदलातले दिलीप दोंदे. २००९ च्या ऑगस्टात ते मुंबईहून एकटे निघाले आणि शिडाच्या बोटीने पृथ्वीप्रदक्षिणा करून २०१० च्या मे महिन्यात मुंबईलाच परतले. एकट्याने असे करणारे ते पहिले भारतीय. त्यांची ५६ फुटांची 'म्हादेई' गोव्यात बांधलेली. हे सांगताना त्या मुलाची छाती अशी फुगली की जणू तोच जाऊन आला होता.

शर्यतीची सुरुवात पाहून माझ्यातला मास्तर चक्रावला. आमच्या शाळेच्या क्रीडादिनी मुले चुन्याच्या रेघेवर पाय टेकून उभी राहतात आणि शिट्टी झाली की पळतात. शिडाच्या होडीला असे एका जागी उभे राहता येत नाही. पाण्यावर दोन खुणांमधली रेघ मनानेच आखायची. पाच मिनिटे आधी भोंगा वाजतो. मग दोन्ही बोटी त्या रेघेच्या अलीकडे घारींसारख्या घिरट्या घालतात आणि नेमक्या क्षणी, भरल्या वेगात रेघ ओलांडायला पाहतात. चुकून आधी ओलांडली तर माघारी फिरून पुन्हा यायचे. रस्त्याप्रमाणे इथेही नियम आहेत. जिच्या उजव्या अंगाने वारा येतो आहे तिला, डाव्या अंगाने वारा घेणाऱ्या बोटीने वाट द्यायची. सारे भांडण वाऱ्याचेच.

आमची बोट रेघेवर मागे पडली. मित्राची बोट पुढे. दक्षिणेकडे बंदराच्या तोंडाशी एक तरंगती खूण होती, तिला वळसा घालून परत यायचे होते. वारा वायव्येचा, म्हणजे जाताना पाठीशी. हेच ते माझे खारे वारे! फळ्यावरचा बाण माझ्या मानेवर येऊन बसला होता, आणि तो चक्क गार होता. डावीकडे लांब उरणचे डोंगर, उजवीकडे कुलाबा, मध्ये नांगरलेली प्रचंड मालवाहू जहाजे. यंत्राचा आवाज नाही. फक्त पाण्याची सळसळ. मी कठड्याला दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. तरीही मला कबूल करायला हवे की मला सुख वाटत होते. मनातला राग कुठल्या कुठे गेला.

मेहुणा मात्र कासावीस. मित्राची बोट दोन होड्यांच्या अंतराने पुढे आणि काही केल्या सापडेना. तेव्हा डोलकाठीपाशी बसलेले आबा मान न वळवता बोलले, ''झिला, तेच्या शिडार सावली पाड.''

माझ्या आधी त्या मुलाला कळले. पाठीमागून वारा असताना मागच्या होडीचे शीड वाऱ्याच्या वाटेत आले की पुढच्या होडीचा वारा तुटतो. त्याने सुकाणू किंचित वळवले. काही क्षणांतच पुढच्या बोटीचे शीड मलूल झाले, कडा फडफडू लागली, आणि आम्ही तिला ओलांडून पुढे गेलो. मेहुण्याने उडीच मारली. तो मुलगा हसून म्हणाला, ''आजोबा, शर्यती खेळलात वाटतं?'' आबांनी उत्तर दिले नाही.

तरंगत्या खुणेला आम्ही पहिल्याने वळसा घातला. आता परतीची वाट, वारा तोंडावर. वाऱ्याच्या नेमके समोर शिडाची होडी जाऊ शकत नाही. तिला अंग तिरपे करून, एकदा डावी बगल आणि एकदा उजवी बगल देत जावे लागते. आपली एसटी घाट चढते तशी, वळणावळणाने. शीड तिला आडवे रेटते, पण तळाशी असलेला खोल, जड कणा तिला आडवे जाऊ देत नाही. दोघांच्या ओढाताणीतून ती पुढे सरकते. त्यातच आम्ही कुलाब्याच्या आडोशातून पुष्कळ बाहेर आलो होतो. वारा एकाएकी चढला. पाण्यावर पांढरे तुरे दिसू लागले. बोट एवढी कलली की खालच्या अंगाचा कठडा पाण्याला लागला. माझी मुलगी गादीवरून घसरली, हसली, पुन्हा चढली, पुन्हा घसरली. मेहुणा ओरडत होता, ''जाऊ दे! जाऊ दे! मागे पडला तो!''

आबा उभे राहिले. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, पण त्या कललेल्या लाकडावर ते असे सरळ उभे होते की मला ती टांगलेली चूल आठवली. ते म्हणाले, ''वारो वाढतलो. शीड बारीक कर.''

तो मुलगा म्हणाला, ''आजोबा, काही होत नाही. खाली शिशाचं वजन आहे. ही बोट उलटत नाही.''

''व्हडी उलटूची नाय,'' आबा म्हणाले. ''मानूस पडतलो.''

त्या मुलाने एकदा आबांकडे पाहिले, मग माझ्या मुलीकडे. मुलीच्या अंगात जीवरक्षक जाकीट होते; तरीसुद्धा त्याने सुकाणू वळवून नाळ वाऱ्याकडे केली, खलाशाला हाक दिली, आणि दोघांनी मिळून मोठे शीड खाली घेऊन त्याचा एक पदर बांधून टाकला. तेवढ्या वेळात मित्राची बोट भरल्या शिडाने आमच्या बाजूने निघून गेली. तिच्यावरची मंडळी हात हलवीत होती. मेहुण्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण आबांसमोर तो एक शब्द बोलला नाही, हे त्याचे मोठेपण मी विसरणार नाही.

शीड लहान झाल्यावर बोट सरळ झाली आणि तिचे धापा टाकणे थांबले. तो मुलगा बाजूला सरकला आणि म्हणाला, ''आजोबा, या. धरा.'' आबांनी धोतराला हात पुसले आणि सुकाणूचा दांडा हातात घेतला. त्यांनी एकदाही हाताकडे पाहिले नाही. नजर सारखी शिडाच्या पुढच्या कडेवर. कडा थरथरली की दांडा बोटभर सरे, थरथर थांबे. माझ्या वडिलांना काही सुरेख करता येते, हे मी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी पाहिले. हरलेली ती बोट आबांनी नांगराच्या जागेपर्यंत आणली.

लहान होडी यायला वेळ होता. ताजमहाल हॉटेलचे दिवे लागले होते. दक्षिणेकडे, जिथे आता काळोखाखेरीज काही दिसत नव्हते, तिकडे बोट करून आबा म्हणाले, ''खांदेरी थंय.'' मी मास्तर. मला लगेच १६७९ साल आठवले. शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रजांनी जहाजांचा वेढा घातला, तेव्हा आपल्या लहान लहान होड्या रात्री त्या मोठ्या जहाजांना हुलकावण्या देऊन बेटावर रसद पोचवीत. हे सांगायला मी तोंड उघडणार होतो. बरे झाले, उघडले नाही.

आबा सांगू लागले. १९६५ सालच्या वैशाखातली गोष्ट. आंब्याने भरलेले दोन मचवे बंदरातून एकाच भरतीला सुटले होते. रात्रभर मतलई वाऱ्यावर किनारा धरून वर सरकायचे आणि दिवसा खाऱ्या वाऱ्याशी बगला देत झगडायचे, असा तो प्रवास. जो मचवा आधी धक्क्याला लागे त्याच्या आंब्याला भाव. मागून येणाऱ्याने पडेल त्या किमतीला माल द्यायचा. आबांनी व्यापाऱ्याची उचल घेतलेली होती. खांदेरीच्या दीपगृहाचा दिवा लागण्याच्या सुमाराला दुसरा मचवा थोडा पुढे होता. वारा चढला. शीड लहान करायला हवे होते. आबांनी केले नाही. बगल बदलताना परबाण, म्हणजे शिडाचे ते लांब आडवे लाकूड, फिरले आणि कडेला दोर धरून उभ्या असलेल्या धाकट्या भावाला लागले. मचवा वळवून मागे येईपर्यंत उजेड गेला. पुढे गेलेल्या मचव्याच्या तांडेलाने हाक ऐकली, शीड उतरवले आणि तोही फिरला. दोघांनी रात्रभर शोधले. दुसरा दिवसही शोधले. दोन्ही मचव्यांतला आंबा मऊ पडला, पाण्याच्या मोलाने गेला. त्या तांडेलाने पुढे जन्मात कधी आबांना त्याबद्दल एक शब्द सुनावला नाही.

''त्या दिवशी मी हरलो आसतंय तर...'' आबा म्हणाले. वाक्य त्यांनी पुरे केले नाही. लहान होडी आली.

रात्री मेहुण्याने कबूल केल्याप्रमाणे जेवण दिले. जिंकलेल्या मित्राने आबांच्या पायांना हात लावला. त्याला त्या कहाणीतले काही ठाऊक नव्हते, पण 'सावली पाड' ही त्याच्यावरची करामत कोणाची हे त्याला तांडेलाकडून कळले होते. आबांनी सोलकढी दोनदा मागून घेतली.

त्या रात्री ठाण्याला मेहुण्याच्या घरी मला झोप आली नाही. तुम्ही चहाच्या डब्यावर लिप्टन हे नाव वाचले असेल. तो सर थॉमस लिप्टन खरोखरीचा माणूस होता आणि त्याला या शिडाच्या शर्यतींचे वेड होते. १८५१ साली 'अमेरिका' नावाच्या बोटीने इंग्लंडात जाऊन एक चषक जिंकला आणि तो पुढे १९८३ सालापर्यंत अमेरिकेतून कोणाला हलवता आला नाही. तो परत आणण्यासाठी लिप्टनने १८९९ पासून १९३० पर्यंत पाच वेळा पाच बोटी बांधल्या. पाचही वेळा तो हरला. शेवटच्या पराभवानंतर अमेरिकेतल्या लोकांनी वर्गणी काढली आणि या हरलेल्या म्हाताऱ्याला सोन्याचा पेला भेट दिला. गाडीत ही हकीकत वाचली तेव्हा मला नुसती मौज वाटली होती. आता ती वेगळी दिसू लागली.

चैनीची बोट म्हणतात ती कशामुळे? मी समजत होतो गाद्यांमुळे, बर्फाच्या कपाटामुळे, न्हाणीघरामुळे. ते खरे नाही. त्या बोटीवरची खरी चैन म्हणजे तिच्यावर बसून माणसाला हरता येते. राजा हरला असता तर शंभर पौंड गेले असते; लिप्टन हरला तर त्याला सोन्याचा पेला मिळाला; माझा मेहुणा हरला तर दोन कुटुंबे एका पंगतीला जेवली. शर्यत तीच, वाराही तोच, शीड लहान करावे की न करावे हा प्रश्नही तोच. परंतु आबांच्या मचव्यावर ती चैन नव्हती. तिथे हरणे म्हणजे डोक्यावर उचल, आणि पावसाळ्यात चूल थंड. वाऱ्याचे भाडे आमच्या आज्याने कधी दिले नाही असे मी मोठ्या ऐटीत म्हणालो होतो. माझे काका आठवले आणि ते वाक्य मी मागे घेतले.

श्रीमंतांच्या खेळाला नावे ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. उलट त्या दुपारबद्दल मी मेहुण्याचा जन्माचा ऋणी आहे. त्याने भाडे भरले नसते, तर आबांना साठ वर्षांनी त्याच पाण्यावर, त्याच वाऱ्यात, शीड लहान करून घेण्याची संधी कुठून मिळाली असती? माझ्या मनात मात्र तेव्हापासून एक गोष्ट बसली आहे. माझ्या वर्गात परीक्षेच्या दिवसांत काही मुले अशा डोळ्यांनी बसतात की जणू त्यांच्या मागे व्यापाऱ्याची उचल आहे. आजवर मी त्यांना म्हणत आलो, ''पुढे जा, मागे पडू नका.'' या वर्षी दोघातिघांना मी बाजूला बोलावून म्हणालो, ''नापास झालास तरी घरी ये. मी तुझ्या बापाशी बोलतो.'' त्यांतला एक तिथेच रडला.

यंदाच्या श्रावणात एका दुपारी पाऊस धरून आला होता. मी ओसरीवर वह्या तपासत होतो. पाहतो तो आबा माझ्या मुलीसमोर मांडी घालून बसलेले, आणि जुन्या वर्तमानपत्राच्या कागदाची घडी घालताहेत. ''असां नाय गो, नाळ वर काढूची,'' असे काहीतरी तिला सांगत होते. दोघांनी दोन होड्या केल्या आणि अंगणातल्या ओहोळात सोडल्या. मुलगी टाळ्या पिटत पावसात धावली. आबा ओसरीवरच बसून राहिले. कोणाची होडी पुढे गेली ते मी विचारले नाही. वह्या बाजूला ठेवल्या आणि मीही एक कागद घेतला.